बायजाबाई निघाल्या

मलकागंजातल्या काकांच्या गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या आहेत, पण काका मधपाळ नव्हेत. ते इतिहासकार आहेत. म्हणजे जन्मभर केंद्र सरकारात कारकुनी केली, आता पेन्शन. पण दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला इतिहासकार व्हायला आणखी काय लागतं? त्यातून गच्चीवरून हिंदूराव हॉस्पिटल दिसतं. पाहुण्याला चहाच्या आधी कठड्यापाशी नेण्यात येतं. ‘नाव कुणाचं हे? आपल्या कागलच्या घाटग्यांचं!’ विल्यम फ्रेझरचा १८३५ साली खून झाला आणि त्याचा रिजवरचा बंगला पुढे हिंदूराव घाटग्यांनी घेतला, हे काका असं सांगतात की खरेदीखतावर साक्षीदार म्हणून यांचीच सही असावी.

पेटीतल्या राणीचं नाव अर्थातच बायजाबाई. माशी इटालियन आहे, सातेरी नव्हे, पण त्याला इलाज नाही. मूळ बायजाबाई म्हणजे हिंदूरावांची बहीण, दौलतराव शिंद्यांची राणी. १८३३ साली दत्तक जनकोजीने तिला ग्वाल्हेरातून बाहेर काढलं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फेब्रुवारी-मार्चात इथे फुलोरा दणकून असतो. माश्या वाढतात, पेटीत जागा पुरत नाही. अशा वेळी दर आठवड्याला पेटी उघडावी, रिकाम्या चौकटी द्याव्यात, पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारख्या राणीकोठ्या लोंबताना दिसल्या तर वेळीच वसाहत विभागावी. हे सगळं काकांना तोंडपाठ आहे. त्यांच्या कृपेने आता गल्लीलाही आहे. पेटी उघडायची तेवढी राहते.

‘अहो, मी झाकण काढून पाहिलं. शेंगा लागल्यात.’

‘रविवारी बघू.’

रविवारी नेमका पहाडगंजातून एक श्रोता येतो. काका फ्रेझरपर्यंत पोचतात आणि ऐन साडेअकराच्या उन्हात पेटीच्या दारातून माश्यांचा लोंढा सुटतो. गच्चीवर नुसता घोंघाट. थोड्याच वेळात सगळा थवा समोरच्या आंटींच्या कूलरच्या स्टँडला लटकलेला.

‘अंकलजी! आपकी मक्खियाँ!’

‘घबराइए मत! पेट भरके निकली हैं, काटेंगी नहीं! सुनिए, अठारह सौ तैंतीस में...’

खिडकी धाडकन बंद होते. आणि दुर्दैव असं की माणूस खरंच बोलत असतो. पोटभर मध पिऊन निघालेला थवा सहसा डसत नाही. थव्याबरोबर जाते ती जुनी राणी, निम्म्याहून अधिक कामकरी माश्या घेऊन. घर, मध, अंडी-पिल्लं सगळं नव्या राणीला सोडून. काकांच्या मते हा हुबेहूब ग्वाल्हेरचा प्रसंग. पेच एकच: मागे राहिलेल्या नव्या राणीला जनकोजी म्हणायचं कसं?

तिकडे टेहळ्या माश्या थव्यावर नाचून नव्या जागांच्या बातम्या देत असतात. एका जागेवर एकमत झालं की थवा उठलाच. काका अजून हातमोजे शोधताहेत. काकू मात्र पदर खोचून, तोंडावर जाळी ओढून आंटींच्या घरात शिरलेल्या. थव्यावर पाण्याचा हलका फवारा, खाली रिकामी पेटी, आणि स्टँडला एकच दणका. भदकन घोस आत! मग त्या काही बोलत नाहीत, पेटीच्या तोंडाकडे बघत राहतात. चार-दोन कामकरी माश्या दारात येतात, पोटाचं टोक वर करून पंख फडफडवू लागतात. ‘राणी आत आहे,’ काकू म्हणतात. हवेतल्या उरलेल्या माश्या त्या वासामागोमाग उतरून रांगेने आत चालू लागतात. अंधार पडला की पेटी गच्चीवर.

‘पकडला आम्ही थवा,’ काका सोमवारी दूधवाल्याला सांगतात.

तुमच्या दारात असा घोस लटकला तर रॉकेल, मशाल, फिनेल यांतलं काही करू नका. बहुतेकदा तो दोन-तीन दिवसांत आपणहून निघून जातो. मलकागंजात राहत असाल तर सरळ गच्चीकडे तोंड करून हाक मारा. फक्त काकूंना मारा.