हा दिवा कशाचा?

अंतराळात जहाज हाकायच्या खेळात माणसं तीन प्रकारची असतात. काही लढतात, काही माल वाहतात आणि काही नुसतीच भटकतात. ‘एलिट: डेंजरस’ या खेळानं तर या तिघांसाठी पदव्यांच्या वेगवेगळ्या पायऱ्या बांधून ठेवल्या आहेत. चौथ्या प्रकाराला मात्र पदवी नाही. हा लढत नाही, मालही वाहत नाही. चांगलं चालतं जहाज भर अंतराळात उभं करतो, समोरच्या पॅनेलच्या कोपऱ्यातल्या एका ठिपक्याकडे डोळे बारीक करून बघतो आणि विचारतो, “हा दिवा कशाचा?”

तिकडे सगळ्यांनाच कमांडर म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे ज्याला घरी कोथिंबिरीच्या दोन जुड्या धड निवडून आणता येत नाहीत, तोही तिकडे कमांडर असतो. माझ्या ओळखीचा कमांडर कोथरूडचा, चाळिशी ओलांडलेला, हापिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा पगार घेणारा. केंब्रिजच्या फ्रंटियर कंपनीनं डिसेंबर 2014 मध्ये हा खेळ बाजारात आणला, तेव्हापासून तो खेळतोय. खेळात आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या आकारात मांडलेली आहे, सुमारे 40 हजार कोटी ग्रहमालांसकट. त्यातल्या किती पाहिल्यास, असं एकदा विचारलं तर म्हणाला, “बाहेर बघायला वेळ कुठे मिळतो?”

त्याचं विश्व काचेच्या अलीकडे, दोन हात रुंद. खेळातलं कॉकपिट म्हणजे नारिंगी रेषांचा, आकड्यांचा आणि चौकोनांचा पसाराच आहे, आणि यातलं काय कशासाठी, हे खेळ स्वतःहून फारसं सांगत नाही. उदाहरणार्थ इंधनाची पट्टी. ती जाड आहे, ती कळते. पण तिच्या खाली केसाएवढी आणखी एक पट्टी असते. साधा माणूस तिला सजावट समजून पुढे जातो. कमांडर थांबला. संध्याकाळभर जहाज रिकामं उडवत तो त्या केसाकडे बघत बसला. आत पोळ्या गार होत होत्या. वहिनींच्या दोन हाका झाल्या, तिसरी त्याच्या आईची होती आणि तिचा सूर वेगळा होता. तरी हा हलला नाही. केस झिजत झिजत संपत आला, आणि एकदम टुणकन भरला! त्याच क्षणी वरची जाड पट्टी किंचित खाली सरकलेली त्यानं पाहिली. म्हणजे जहाज मोठ्या टाकीतून थेट इंधन पीतच नाही. गच्चीवरच्या टाकीतून बादली भरून घ्यावी आणि अंघोळ बादलीतून करावी, तसा हा कारभार. रात्री साडेअकराला त्यानं मला फोन करून ही बातमी सांगितली. आवाजावरून मला वाटलं, घरात पाळणा हलणार आहे.

तिथून माणूस सुटला. जायच्या ठिकाणाची दिशा दाखवणारं एक वाटोळं होकायंत्र असतं, त्यात एक ठिपका. ठिपका भरीव असला तर ठिकाण समोर, पोकळ असला तर पाठीमागे. वेगाच्या पट्टीवर मधोमध एक निळा पट्टा असतो. वेग त्या पट्ट्यात ठेवला की जहाज सर्वांत चपळ वळतं. मधल्या रडारवर आसपासची जहाजं चौकोनी दिसतात. त्यातला भरीव चौकोन म्हणजे संगणकानं चालवलेलं जहाज, पोकळ चौकोन म्हणजे आत आपल्यासारखाच कोणीतरी हाडामांसाचा बसलाय. आणि चौकोनाचा त्रिकोण झाला, तर समोरच्यानं तोफा बाहेर काढल्यात, आता पळावं. हे शेवटचं ज्ञान कमांडरला उशिरा झालं. “हा त्रिकोण का झाला असेल?” यावर त्याचा विचार चालू असतानाच जहाजाच्या ठिकऱ्या उडाल्या होत्या. विम्याचे पैसे भरताना तो खुशीत होता. “कळलं ना पण!”

अशा माणसाला नुसतं वेडा म्हणून सोडून देता येत नाही, कारण नऊ वेळा त्याचं खरं निघालेलं असतं. केसाएवढ्या पट्टीला अर्थ, पोकळ ठिपक्याला अर्थ, तर मग खुर्चीच्या उजव्या अंगाला, खाली, जवळजवळ मांडीशी जे बारीक लुकलुकतंय, तेच तेवढं बिनकामाचं कसं? दहावा दिवा उगाच लावलाय, हे त्याच्या बुद्धीला पटत नाही. त्या दिव्यासाठी त्यानं डोक्याला चढवायचा व्हीआर हेडसेट घेतला. त्यात मान वाकवून वस्तूच्या जवळ जाता येतं. एकदा मी त्याच्या घरी गेलो तर हा डोळ्यांवर तो डबा बांधून, खुर्चीतून अर्धा लोंबकळत, टीपॉयच्या पायाकडे एकटक बघत होता. वहिनींनी मला चहा दिला आणि त्याच्याभोवती झाडू मारून घेतला.

मी त्याला समजावायचा प्रयत्न केला नाही असं नाही. म्हटलं, अरे, सिनेमातल्या यानांवर चित्रकार उगाच खडबडीत बारकावे चिकटवतात. ‘स्टार वॉर्स’च्या लोकांनी रणगाड्यांच्या आणि विमानांच्या खेळण्यांचे सुटे भाग आणून यानांच्या मॉडेलांवर डकवले होते. त्या नळीतून काही वाहत नाही, त्या झाकणाखाली काही नाही, डोळ्याला मोठं वाटावं म्हणून ते आहे. तसाच तुझा दिवा. यावर त्यानं माझ्याकडे सत्यनारायणाच्या पूजेत प्रसादाची पाककृती विचारणाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं.

मग त्याचा प्रतिवाद सुरू झाला. तो नेहमी 1984 पासून सुरू होतो. त्या साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन पोरांनी बीबीसी मायक्रो नावाच्या संगणकावर मूळचा ‘एलिट’ लिहिला. मशीनची सगळी मेमरी 32 किलोबाइट. आज लग्नपत्रिकेचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवतो तोही त्याच्या कितीतरी पट जड असतो. तेवढ्यात दोघांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत 256 ग्रह. शिवाय पडद्याचे दोन भाग केले. वर काळ्यावर पांढऱ्या रेषांचं अंतराळ, खाली चार रंगांचा डॅशबोर्ड. एकाच पडद्यावर दोन वेगळ्या तऱ्हेची चित्रं दाखवायला मशीन मुळात तयार नव्हतं. म्हणून चित्र अर्ध्यावर रंगलं की नेमक्या त्या क्षणी मशीनला बदल करायला लावायचं, आणि हे दर फ्रेमला. त्या डॅशबोर्डावर नुसती अक्षरं होती: एफएस, एएस, एफयू, सीटी, एलटी, एएल. सीटी म्हणजे केबिनचं तापमान, सूर्याच्या फार जवळ गेलं की चढायचं. मध्येच ‘एस’ उजळायचा, म्हणजे आपण स्टेशनाच्या हद्दीत आलो. “तिथे एकेका अक्षराला जागेचं भाडं पडत होतं,” कमांडर म्हणतो. “रिकामा दिवा लावायची ऐपतच नव्हती कुणाची.”

इथेच त्याची गोची आहे, असं माझं मत. तो गरिबीत घडलेल्या डॅशबोर्डाचे संस्कार घेऊन श्रीमंतीतल्या डॅशबोर्डापुढे बसलाय. आज चित्रकाराला शंभर दिवे फुकट लावता येतात, आणि तो लावतो. कमांडर मात्र प्रत्येक दिव्याचं भाडं कोण भरतंय ते शोधत हिंडतो.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा त्यानं मायकेल ओकुडांना पुढे केलं. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या 1987 पासूनच्या मालिकेत जहाजातले पॅनेल त्यांनी रंगवले. इंजिनरूमच्या भिंतीवर जहाजाचा मोठा उभा छेद आहे, आणि त्या छेदात नीट पाहिलं तर एक बदक आहे. खरोखरचं बदक. टीव्हीवर ते कुणाला दिसणार नाही, हे माहीत असूनही काढलेलं. “बघ,” कमांडर म्हणाला, “बिनकामाचं वाटलं तरी कुणीतरी काहीतरी ठेवलेलं असतं.” म्हणजे अर्थ निघाला तरी हाच बरोबर आणि बदक निघालं तरी हाच बरोबर. अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याच्याकडून उसने पैसे वसूल करणं सोपं.

शेवटचं अस्त्र अपोलो 11. 20 जुलै 1969, यान चंद्रावर उतरतंय आणि समोरच्या छोट्या पट्टीवर आकडे झळकतात, 1202. आर्मस्ट्राँगला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, त्यानं ह्यूस्टनला विचारलं. तिथे जॅक गार्मन नावाच्या चोवीस-पंचविशीतल्या पोरानं असल्या सगळ्या इशाऱ्यांची यादी हातानं लिहून ठेवली होती, कारण आधी एका सरावात असल्याच इशाऱ्यानं सगळे गडबडले होते. संगणकावर कामाचा बोजा जास्त झालाय, पण महत्त्वाचं काम चालू आहे, उतरायला हरकत नाही. आणि ते उतरले. ही गोष्ट सांगताना कमांडरचा गळा दाटून येतो, आणि तो आर्मस्ट्राँगसाठी दाटत नाही, यादी लिहिणाऱ्यासाठी दाटतो.

त्याच्या स्वतःच्या गाडीत इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा दिवाळीपासून लागलेला आहे. “सेन्सर असेल रे,” तो म्हणतो, आणि गिअर टाकतो.

या पंथात पोटजातीही आहेत. एक रंगवाल्यांची. खेळाच्या एका फाइलमध्ये नऊ आकडे बदलले की कॉकपिटचा नारिंगी रंग निळा-हिरवा करता येतो. फक्त मग स्टेशनावरच्या माणसांचे चेहरेही त्याच रंगात न्हाऊन निघतात आणि मालाचा भाव विचारावा तर समोर हिरवानिळा पडलेला रुग्ण. कमांडर या लोकांना तुच्छ लेखतो. पुराव्याशी छेडछाड, असं त्याचं म्हणणं.

मात्र त्याचा खरा राग उत्तर सांगणाऱ्यांवर आहे. एकदा एका कॉलेजातल्या पोरानं त्याला सरळ सांगून टाकलं, “काका, तो दिवा नुसता ॲनिमेशन आहे, ठराविक वेळानं लागतो, विझतो.” कमांडरनं घड्याळ लावून पाहिलं. ठराविक वेळ बरोबर निघाली. चार दिवस माणूस जेवणावरून उठल्यासारखा हिंडत होता. पाचव्या दिवशी उजळला. “ठराविक वेळ म्हणजे ठीक आहे. पण एवढीच का?”

या सगळ्या चिंतनासाठी त्याचं एक लाडकं तीर्थक्षेत्र आहे. अल्फा सेंटॉरीच्या मंडलात हटन ऑर्बिटल नावाचं स्टेशन आहे. आपण त्या मंडलात जिथे उगवतो तिथून ते 0.22 प्रकाशवर्षं लांब, आणि जहाजाचा वेग प्रकाशाच्या 2001 पटीला जाऊन अडकतो. म्हणजे सरळ रेषेत, काहीही न करता, तासाभराहून जास्त बसून राहायचं. पोचल्यावर मिळतो तो एक मग, तोही खेळातला, चहा न ओतता येणारा. बाकीचे खेळाडू एकदा चेष्टा म्हणून जातात. हा एकादशीसारखा जातो. समोर काळोख, हाताला काम नाही, सगळे दिवे आपले.

2024 साली खेळात नवे ड्राइव्ह आले. इंधन भसाभस पितात, जहाज तापवतात, पण असला रटाळ प्रवास खूपच आटपतो. मीच आग्रह करून त्याला एक बसवायला लावला. त्यानं बटण दाबलं तसं जहाज असं थरथरायला लागलं की पॅनेलवरचं एक अक्षर धड वाचता येईना. दुसऱ्या दिवशी त्यानं तो विकून जुना ड्राइव्ह परत बसवला.

परवा रात्री फोन केला तर हटनच्याच वाटेवर होता. विचारलं, “किती वेळ आहे अजून पोचायला?”

“पंचावन्न मिनिटं,” तो काळजीच्या सुरात म्हणाला. “पुरतील की नाही, सांगता येत नाही.”