कंदाहारच्या अमीरसाहेबांस, कृतज्ञतापूर्वक

अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजेश्री अमीर-उल-मोमिनीन मौलवी हिबतुल्ला अखुंदजादा साहेब, मुक्काम कंदाहार, यांचे सेवेशी,

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मायना जुन्या वळणाचा आहे, पण आपल्याला तो शोभतो. आपल्या तालिबानी राज्यात लक्ष्मी एकटी घराबाहेर पडू शकत नाही, तेव्हा ती अखंडित असणारच.

पत्र बाईचं आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. ऑगस्ट २०२४ मध्ये आपण जो पस्तीस कलमी सदाचाराचा कायदा लागू केलात, त्यात बाईचा आवाजसुद्धा झाकून ठेवायच्या गोष्टींत धरला आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहिताना मी एक ओळही मोठ्याने वाचलेली नाही.

तर, आभार मानायचे आहेत.

गरीब देशातली गरिबी बायकांच्या हातून कशी कमी होते, या विषयावर २००१ नंतरच्या वीस वर्षांत काबूलच्या हॉटेलांतून किती कार्यशाळा झाल्या असतील! सल्लागार आले, गुळगुळीत कागदावर अहवाल छापले गेले, मंत्र्यांनी फिती कापल्या. एवढ्या सगळ्यात खरं काम कुठलं आणि फोटोपुरतं कुठलं, हे देणगी देणाऱ्यांना शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. तो निवाडा आपण केलात. जे काम खरोखर चाललं होतं ते एकेक करून हुडकलंत आणि बंद केलंत. आपलं फर्मान निघालं की आम्ही समजतो, इथे काहीतरी चांगलं घडत होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने डिसेंबर २०२१ मध्येच हिशेब मांडला होता. बायकांना कामधंद्यापासून दूर ठेवलं तर देशाचं एक अब्ज डॉलरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत नुकसान होईल. तो अहवाल आपण फार बारकाईने अभ्यासला असावा, कारण त्यातली एकही सूचना पुढे आपण वाया जाऊ दिली नाहीत. फक्त उलटी वाचलीत.

सुरुवात तर किती काटकसरीने केलीत! सप्टेंबर २०२१ मध्ये काबूलच्या महिला मंत्रालयावरची पाटी उतरवून तिथे सदाचाराचा प्रसार आणि दुराचाराचा प्रतिबंध करणाऱ्या खात्याची पाटी चढवलीत. इमारत तीच, दारं तीच. सरकारी पैशाची अशी बचत आमच्याकडे कोणाला जमायची नाही.

मे २०२२ मध्ये बायकांनी चेहरा झाकावा असं फर्मान काढलंत, तेही स्वतःच्या उदाहरणाने. जगाला आपला एक जुना फोटो तेवढा माहीत आहे. एरवी आपण दिसत नाही, आपली ध्वनिफीत ऐकू येते. पडद्याचा नियम इतक्या निष्ठेने पाळणारी दुसरी व्यक्ती अख्ख्या अफगाणिस्तानात सापडणं कठीण.

मुलींच्या शाळेबद्दल वेगळे आभार. २३ मार्च २०२२ ला सहावीच्या पुढच्या मुलींचे वर्ग उघडणार, असं आपल्याच शिक्षण खात्याने जाहीर केलं. मुली दप्तरं घेऊन आल्या, काही तर वर्गात जाऊन बसल्याही, आणि काही तासांत निरोप आला की घरी जा. रडत बाहेर पडणाऱ्या मुलींना जगभरच्या कॅमेऱ्यांनी टिपलं. मुलींना माध्यमिक शाळेबाहेर ठेवण्याची वर्षाची किंमत युनिसेफने किमान पन्नास कोटी डॉलर काढली. निम्मा देश भुकेला असताना एवढा महागडा निर्णय घ्यायला छाती लागते.

पण शिवणाचे वर्ग आपण चालू दिलेत, ही मेहेरबानी मी विसरणार नाही. शिवणाच्या वर्गात काय काय शिवलं जातं हे आपल्या लोकांना १९९६ ते २००१ च्या पहिल्या अमदानीतच कळायला हवं होतं. तेव्हा हेरातमध्ये 'सोनेरी सुई' नावाचं एक शिवणघर होतं. बुरख्यातल्या बायका पिशवीत वर कापड, कात्री घेऊन यायच्या, खाली वही. आत हेरात विद्यापीठाचे प्राध्यापक साहित्य शिकवायचे आणि बाहेर पोरं खेळता खेळता पहारा द्यायची. कोणी आपला माणूस गल्लीत शिरला की वह्या गडप आणि सुया हातात. नादिया अंजुमन ही कवयित्री तिथेच घडली. २००५ मध्ये नवऱ्याच्या मारहाणीनंतर ती गेली, तेव्हा राज्य आपलं नव्हतं. ते श्रेय आपल्या नावावर मांडण्याइतकी मी अन्यायी नाही.

त्याच काळात सकीना याकूबी यांच्या संस्थेने घराघरांत ऐंशी गुप्त शाळा चालवून तीन हजार मुलींना शिकवलं. इमारतीचा खर्च नाही, गणवेश नाही, तपासणीला येणारा साहेब नाही. गावातली बाई, गावातलं घर, शेजारच्या मुली. नंतरच्या वीस वर्षांत जे अवाढव्य प्रकल्प आले, त्यांना एवढ्या कमी पैशात एवढी पटसंख्या दाखवता आली का, याची मला शंका आहे. (हे आपलं कौतुक नाही, त्यांची निंदा आहे. आपण मनावर घेऊ नये.)

आता खास आपल्या गावाची गोष्ट. कंदाहारचं खामक भरतकाम आपल्या नजरेखालून रोज जात असेल. पुरुषांच्या सदऱ्याच्या छातीवर, खांद्यावरच्या चादरीवर, कापडाचे धागे मोजून मोजून रेशमाने भरलेल्या त्या नक्ष्या. कापडावर आधी काही रेखाटत नाहीत. कुठे किती धागे सोडायचे हा सगळा हिशेब बाईच्या डोक्यात. म्हणजे ज्या मुलींना सहावीनंतर गणित शिकायला बंदी आहे, त्यांचं गणित आपल्या शहरातले पुरुष छातीवर मिरवत हिंडतात.

या कलेतून बायकांच्या हाती पैसा यावा म्हणून रंगीना हमीदी यांनी धडपड केली. लहानपणी निर्वासित म्हणून देश सोडलेली ही बाई अमेरिकेत शिकून २००३ मध्ये कंदाहारला परतली. बायकांनी घरात बसून भरायचं, माल यांनी विकायचा, मजुरी थेट भरणारीच्या हातात. उंबऱ्याच्या आतच राहून मिळवायचं, याहून सोज्वळ योजना आपल्या खात्यालाही सुचली नसती. त्यांचे वडील गुलाम हैदर हमीदी कंदाहारचे महापौर होते. जुलै २०११ मध्ये पगडीत बॉम्ब लपवून आलेल्या माणसाने त्यांना मारलं, आणि जबाबदारी आपल्या संघटनेने किती तत्परतेने घेतली! एवढा प्रांजळपणा हल्ली कुठे पाहायला मिळतो? रंगीनाबाई तरीही पुढे काळजीवाहू शिक्षणमंत्री झाल्या. ते खातं १५ ऑगस्ट २०२१ ला आपल्या ताब्यात आलं, आणि त्यानंतर त्याला फारसं काम उरलं नाही.

ब्यूटी पार्लरचं तर विचारूच नका. महिला व्यापारी मंडळाच्या अंदाजाने देशात बारा हजार पार्लरं आणि त्यांवर साठ हजार बायकांची पोटं. कर्ज नको, दुकानदार पुरुष नको, गिऱ्हाईकही बाईच. जुलै २०२३ मध्ये आपण महिन्याच्या मुदतीने ती बंद केलीत. बायका निषेधाला काबूलच्या रस्त्यावर आल्या, तर ऐन उन्हाळ्यात त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडलेत. उकाड्याची एवढी काळजी!

बायकांना व्यवसायाचे परवाने दिल्याचं आपले अधिकारी अभिमानाने सांगतात. खरंच आहे. हेरातच्या केशराच्या शेतांत शरदातल्या पहाटे फुलं खुडायला, केसर वेगळं करायला बायका लागतात. एक किलो केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं, एवढा चिवटपणा दुसरा कोण दाखवणार? ते काम आपण चालू ठेवलंत. केशराला डॉलर येतात, आणि डॉलरवर सदाचार खात्याचा अजून आक्षेप नाही. फक्त बहात्तर किलोमीटरच्या पलीकडे जायचं तर सोबत महरम, म्हणजे जवळच्या नात्यातला पुरुष, हवा. बाईने माल पिकवावा, निवडावा, डबीत भरावा, आणि बाजार त्र्याहत्तराव्या किलोमीटरवर असला तर तिथून परत यावं.

ज्या विधवेच्या घरी महरमच उरलेला नाही, तिचं काय, असं काही कुजके लोक विचारतात. त्यांना आपली जुनी कीर्ती माहीत नाही. ऑगस्ट २००० मध्ये काबूलमधल्या विधवांच्या बेकऱ्या, जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीने चालणाऱ्या, आपल्या पूर्वसूरींनी बंद करायला लावल्या होत्या. पण ओरड झाल्यावर तो हुकूम लगेच मागे घेतला. आपण त्यांच्यासारखे कच्चे नाही. २४ डिसेंबर २०२२ ला स्वयंसेवी संस्थांत बायकांनी काम करू नये असं ठरवलंत, एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्याही त्यात घेतल्यात. आता घरात एकटी असलेली बाई परपुरुषाकडून शिधा घेऊ शकत नाही, आणि शिधा घेऊन बाई येऊ शकत नाही.

सुईणींबद्दल लिहिताना मात्र माझी विनोदबुद्धी जरा अडखळते, सांभाळून घ्यावं.

२००२ च्या पाहणीत अफगाणिस्तानात एक लाख जिवंत जन्मांमागे सोळाशे माता दगावत होत्या. बदख्शानच्या राघ तालुक्यात साडेसहा हजार. जगात कुठेही एवढा आकडा कोणी नोंदवलेला नव्हता. त्यावर उपाय निघाला तो साधा होता: गावानेच आपली एक मुलगी निवडायची, तिला दीड-दोन वर्षं शिकवायचं, आणि ती परत त्याच गावात सुईण म्हणून यायची. डोंगरातल्या वाटेने रात्री-अपरात्री तीच पोचायची, कारण तीच जवळ असायची. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२० पर्यंत तो सोळाशेचा आकडा सव्वासहाशेच्या आत आला. वीस वर्षांत त्या देशात जे थोडं टिकाऊ घडलं, त्यात मी हे सगळ्यात वर ठेवते. बहुधा आपणही तसंच ठेवत असाल. कारण डिसेंबर २०२४ मध्ये आपण मुलींना वैद्यकीय संस्थांतून काढलंत, सुईणीच्या आणि परिचारिकेच्या शिक्षणासकट. पुरुष डॉक्टरने बाईला हात लावायचा नाही, बाईने डॉक्टर व्हायचं नाही, नर्स व्हायचं नाही, सुईण व्हायचं नाही. बाळाने यायचं कुणाच्या हाती, तेवढं एका फर्मानात स्पष्ट करावं.

३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कुनारमध्ये भूकंप झाला, दोन हजारांवर माणसं गेली. ढिगाऱ्यातल्या बायकांना परपुरुषांनी ओढून काढावं की नाही, या पेचात बायका मागे राहिल्याच्या बातम्या आल्या. जमिनीलाही आपण शिस्त लावलीत म्हणायचं.

आणि खिडक्या! शेजारच्या घरातलं स्वयंपाकघर, अंगण किंवा विहीर दिसेल अशी खिडकी नव्या घराला ठेवायची नाही, असा आदेश डिसेंबर २०२४ मध्येच निघाला. राज्यकर्ता असावा तर असा. तिजोरी रिकामी, दुष्काळ दाराशी, आणि लक्ष मात्र शेजारणीच्या स्वयंपाकघरावर.

उरलेलं भराभर उरकते. बायकांनी बायकांसाठी चालवलेलं, हवेतून शाळेचे धडे देणारं रेडिओ बेगम आपल्या लोकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये धाड घालून बंद केलं, मग त्याच महिन्यात पुन्हा सुरू होऊ दिलं. मोटारसायकलवर पुस्तकं लादून गावोगाव फिरणारे, मुलींच्या शाळेसाठी दारोदार जाणारे मतीउल्ला वेसा, आपल्याच कंदाहार प्रांताचे, त्यांना मार्च २०२३ पासून सात महिने सरकारी पाहुणचार दिलात. मुली घरात बसून मोबाइलवर शिकू लागल्या, तर सप्टेंबर २०२५ अखेर दोन दिवस साऱ्या देशाचं इंटरनेटच बंद. त्यात आपल्या बँका आणि विमानंही थांबली म्हणतात. समानता म्हणतात ती हीच असावी.

आमच्याकडूनही आपली सेवा कमी पडू नये याची आम्ही काळजी घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपले परराष्ट्रमंत्री मुत्ताकी साहेब दिल्लीला आले, तेव्हा त्यांच्या पत्रकार परिषदेत एकही महिला पत्रकार नव्हती. आमच्या सरकारने सांगितलं, आमचा यात हात नाही. दोन दिवसांनी, गवगवा झाल्यावर, दुसरी परिषद घेतली आणि बायकांना पुढच्या रांगेत बसवलं. म्हणजे नियम बदलता येतो, फक्त पत्ता दिल्लीचा हवा.

मी राहते त्या पुण्यात आपल्या देशातले पुष्कळ विद्यार्थी शिकतात. ज्या विद्यापीठात शिकतात त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. त्या १८४८ मध्ये मुलींना शिकवायला निघाल्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकणारे आमचेच आजे-पणजे होते. धर्म बुडतो म्हणायचे तेही. आपल्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की त्यांच्या हाती फौज नव्हती.

८ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने आपल्या नावे अटक वॉरंट काढलं, त्याबद्दल अभिनंदन करायचं राहून गेलं होतं. लिंगाधारित छळाचा आरोप. सोबत आपले सरन्यायाधीशही आहेत, तेव्हा वाटेत एकटं वाटणार नाही. प्रवास बहात्तर किलोमीटरहून जरा जास्त आहे.

एक छोटी विनंती आहे. पुढचं फर्मान कशावर निघणार, ते थोडं आधी कळवावं. पैसा कुठल्या कामात घालावा हे देणगीदारांना अजूनही कळत नाही, आणि कुठलं काम बायकांच्या घरात भाकरी आणतं याबद्दल आपला अंदाज आजवर फारसा चुकलेला नाही.

कळावे. लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपली आज्ञाधारक,
एक पुणेकर