चावी कोणी दिली?

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांपाठोपाठ घरात स्कूटर येते. मुलगा सोळाचा, गाडी ११० सीसीची. कायदा सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतचीच मोटारसायकल चालवू देतो, तीही परवाना काढून. एवढ्या मोठ्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. आईबाबांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर चावी देताना बजावलं जातं, ‘मोठ्या चौकातून जाऊ नकोस, तिथे पोलीस असतो.’

मुलाला रस्त्याचा पहिला धडा मिळतो तो हा. रस्ता ओलांडणाऱ्या आजींना सांभाळ, हे कोणी सांगत नाही. पोलिसाला चुकव, हे सांगितलं जातं. पुढे तो ट्रिपल सीट जातो, सिग्नल तोडतो, राँग साइडने घुसतो, तेव्हा घरचीच शिकवण पाळत असतो. मग ‘हल्लीची पोरं ऐकतच नाहीत’ ही तक्रार कशाला? पोरानं ऐकलं, तंतोतंत ऐकलं.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता, हे कळल्यावर लोक खवळले. खवळायलाच हवं होतं. पण त्या संतापात सामील झालेल्या किती घरांनी दुसऱ्या दिवशी आपल्या सोळा वर्षांच्या मुलाकडून चावी काढून घेतली?

कायद्याने बोट योग्य माणसाकडे दाखवलं आहे. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. गाडी पालकांच्या संमतीनेच नेली, असं न्यायालय धरून चालतं. तसं नव्हतं, हे पालकांनी सिद्ध करायचं.

क्लास लांब आहे, बस वेळेवर येत नाही, ही अडचण खरी. त्यासाठी पालिकेच्या दारात बसा, बस मागा, सायकलींसाठी सुरक्षित रस्ता मागा. मात्र आपली सोय म्हणून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायचा हक्क कोणत्याही आईबापाला नाही.

अठरा पूर्ण होऊन परवाना हातात येईपर्यंत चावी कपाटात ठेवा. मुलगा रुसेल, जेवणार नाही. रुसू द्या.