लोहगड, कॉन्ट्रीसकट

इंजिनिअरिंगच्या पोरांचा कुठलाही प्लॅन गोव्यापासून सुरू होतो. मग कुणाला केटी लागते, कुणाचे बाबा नुसतंच 'बघू' म्हणतात, कॉन्ट्रीचा आकडा ऐकून कुणाला घरचं लग्न आठवतं आणि गोवा आक्रसत आक्रसत मळवलीला येऊन थांबतो. भाच्याच्या ग्रुपवर अंगठे उठले होते अठरा. शिवाजीनगरहून लोणावळा लोकलमध्ये चढले सहा. सातवा मी. 'मामा आहे सोबत' एवढं घरी सांगता यावं, ही माझी पात्रता.

खडकी गेली न गेली तोच तिघांनी सॅकमधून फाइली काढल्या. पाण्याची बाटली तिघांत एक, असाइनमेंटचे कागद मात्र गठ्ठाभर! सोमवारी सबमिशन. मूळ उत्तरं वर्गातल्या एका हुशार मुलीची.

"हा अकरा आहे की एन?"

"जे दिसतंय ते काढ ना भावा."

घोरावाडीला गचका बसला आणि पहिल्याच्या ग्राफची रेघ समासाबाहेर गेली. बाकीच्या दोघांनी ती तशीच्या तशी उतरवली.

मळवलीहून चालत भाज्याला आलो. इथली बावीस लेणी दोन हजार वर्षांहून जुनी. "येताना बघू," पोरं म्हणाली. येताना बघू म्हटलेलं कुणी येताना बघितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. लोहगड 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, याचा मात्र सगळ्यांना फार अभिमान. त्या अभिमानापोटी गणेश दरवाजात चिक्कार फोटो निघाले. एकातही दरवाजा दिसत नाही.

विंचूकाट्यावर उभं राहवत नव्हतं इतका वारा. नेमका तिथेच एकाचा फोन वाजला. या पठ्ठ्यानं घरी मामासुद्धा सांगितला नव्हता.

"अगं आई, लायब्ररीत आहे... पंखा आहे गं, पाचवर!"

तेवढ्यात मागून मावशी आल्या. "ताऽऽक! थंडगार ताऽऽक!"

"कॅन्टीन शेजारीच आहे ना!"

पलीकडून काय विचारणा झाली कोण जाणे, त्यानं फोन माझ्या हातात कोंबला. "मामा, प्लीज, लायब्रेरियन व्हा!"

मी आवाज जाड करून "शांतता राखा" म्हणालो आणि फोन बंद केला.

खाली लोहगडवाडीत पिठलं-भाकरी, भजी झाली आणि हिशोब सुरू झाला. एकाची चतुर्थी. त्यानं भजी खाल्ली नव्हती, पण तळलेली मिरची खाल्ली होती. ती उपासात चालते का, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. ती हिशोबात धरायची का, यावर अर्धा तास गेला. सुरतेची लूट याच गडावर आणून ठेवली होती म्हणतात. तिच्या वाटणीलाही एवढी हुज्जत झाली नसेल. शेवटी मामांकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं एकमतानं ठरलं. मला भरून आलं.

भाचा क्यूआर कोड घेऊन पुढे आला. "मामा, रेंज फक्त तुमच्याच फोनला आहे. तेवढं स्कॅन करा ना, आम्ही पाठवतो नंतर."