थांबरेषेपलीकडचे पुणे

चौकात सिग्नलच्या अलीकडे रस्त्यावर जी आडवी पांढरी रेघ असते, ती थांबरेषा. तिच्यापुढे पादचाऱ्यांसाठी पांढरे पट्टे असतात. लाल दिवा लागला की गाड्यांनी रेघेअलीकडे थांबायचे आणि माणसांनी पट्ट्यांवरून रस्ता ओलांडायचा, अशी ही योजना आहे. पुण्यात तिची अंमलबजावणी रंगकामापर्यंत झालेली आहे.

पुणेकर लाल दिव्याला थांबत नाही, हा निव्वळ अपप्रचार होय. तो थांबतो, पण पट्ट्यांवर. दुचाक्यांची पहिली रांग तिथे स्थिरावते, दुसरी तिला हॉर्नने पुढे सरकवते, आणि डावीकडच्या फटीत रिक्षाचे पुढचे चाक शिरते. असे करत पुढचे लोक चौकाच्या मध्यावर पोचले की एक तांत्रिक अडचण उद्भवते. सिग्नलचा खांब आता त्यांच्या पाठीमागे राहिलेला असतो. पलीकडचा दिवा असलाच, तर झाडाच्या फांदीआड असतो. म्हणजे हिरवा लागल्याचे सर्वांत शेवटी कळते ते सर्वांत पुढे असलेल्यालाच. मागून हॉर्नचा गजर झाला की तो निघतो. मुरलेले चालक आडव्या रस्त्याचा दिवा पाहतात आणि तो पिवळा होताच गिअर टाकतात.

हॉर्नवर मुंबई पोलिसांनी एक उपाय करून पाहिला होता. २०२० च्या जानेवारीअखेर त्यांनी त्याची चित्रफीतही प्रसिद्ध केली. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जायचे. पुण्यात हे यंत्र बसवले असते, तर काही चौकांत अजून तोच लाल दिवा चालू असता.

लेखी कायदा सोपा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११९ प्रमाणे वाहतुकीची चिन्हे पाळणे बंधनकारक आहे. न पाळल्यास पहिल्या वेळी १०० रुपये दंड होता, तो २०१९ च्या दुरुस्तीने ५०० झाला आणि पुढच्या वेळेसाठी १,५००. शिवाय लाल दिवा तोडणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात धरले गेले. त्याला एक ते पाच हजारांचा दंड, सहा महिने ते वर्षभराची कैद किंवा दोन्ही. महाराष्ट्राने हे वाढीव दर लागू करायला डिसेंबर २०२१ उजाडू दिला. जनतेला मानसिक तयारीसाठी वेळ हवा होता.

अलिखित कायद्यात मात्र एकच कलम आहे: मामा. मामा, म्हणजे वाहतूक पोलीस, चौकात उभे दिसले की पट्ट्यांवरचे दुचाकीस्वार पायांनी जमीन ढकलत फूटभर मागे सरकतात. रेघेपर्यंत कोणी जात नाही. आदर व्यक्त झाला म्हणजे पुरे. मामा झाडाआड उभे असतील, तर तो विश्वासघात मानला जातो.

राहिला पादचारी. सिग्नलच्या हिशेबात तो सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरतात. म्हणजे पंधरा मीटरच्या रस्त्याला साडेबारा सेकंद. या हिशेबात पट्टे मोकळे असतात. प्रत्यक्षात भाजीची पिशवी घेतलेल्या आजी दोन हँडलांमधून तिरक्या होत, तापलेल्या सायलेन्सरपासून पदर सावरत, एक हात वर करून निघतात. निम्म्या रस्त्यावर असतानाच मागच्यांचा हॉर्न सुरू होतो.

हल्ली कॅमेरा फोटो काढतो आणि ई-चलन मोबाइलवर येते. ते भरण्याची घाई फारसे कोणी करत नाही, कारण लोकअदालतीत तडजोड होते. आजींच्या साडेबारा सेकंदांचा दावा मात्र कुठल्याच लोकअदालतीत दाखल करता येत नाही.