रोजच्या पेनाची जागा रिक्त आहे

निबाळकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव चारचौघांसारखं आहे आणि आमच्या सोसायटीत ते आता फक्त वीजबिलावर उरलं आहे. निंबाळकरांवरचा अनुस्वार पुसून हे नाव मीच पाडलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, तर दुसऱ्या दिवशी जिन्यात अडवून म्हणाले, "नाव झकास जमलंय हो. पण अनुस्वार इतक्या सहज पुसला गेला? असली शाई चेकवर वापरू नका."

एखाद्याची ओळख करून दिली की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो. निबाळकर खिशाकडे पाहतात. खिशाला बॉलपेन दिसलं तर "बरं, बरं" म्हणून विषय पावसापाण्यावर नेतात. क्लिप ओळखीची निघाली, तर माणसाचं नाव-गाव मागाहून, आधी "निब कुठली, फाइन की मीडियम?" एकदा आम्ही दोघं एका घरी समाचाराला गेलो होतो. वारलेल्या आजोबांचे जावई डोळे टिपत बसले होते आणि निबाळकर एकटक त्यांच्या छातीकडे बघत होते. बाहेर पडल्यावर चपला घालता घालता हळूच म्हणाले, "पार्कर एकावन्न आहे. बिचारं." यातलं 'बिचारं' जावयाला होतं की पेनाला, हे मी विचारलं नाही.

त्यांच्याकडे नेमकी किती पेनं आहेत, हे वहिनींना सांगायचं नाही या अटीवर मला ठाऊक आहे. तीन आकडी आहेत, एवढं इथे लिहायला हरकत नसावी. कपाटात लग्नातल्या शालूच्या वरच्या कप्प्यात मखमली खाचांच्या पेट्या आहेत आणि खाचेत एकेक पेन आडवं पडलेलं असतं. पहिल्यांदा त्या पेट्या पाहिल्या तेव्हा मी एक साधा प्रश्न विचारला आणि त्या संध्याकाळी घरी जेवायला पोचलो नाही. प्रश्न एवढाच होता, "मग यातलं रोज लिहायला कुठलं?"

निबाळकर सरकारी खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि टिपणी मांडावी तसं सांगितलं, "ते पद सध्या रिक्त आहे."

पुढची सगळी गंमत या एका वाक्यात आहे, पण ती कळायला मला दोन वर्षं लागली.

रोजच्या पेनासाठी त्यांच्या अटी वाचल्या तर लोकसेवा आयोगाची जाहिरात बरी. टोपण उघडायला फार वेळ लागता कामा नये. दाबून बसणारं असेल तर उत्तम, आट्यांचं असेल तर दीड वेढ्यात निघालं पाहिजे. फोनवर समोरचा माणूस नंबर सांगत असताना तीन वेढे फिरवत बसणाऱ्याचे निदान चार आकडे हुकतात. दोन दिवस पडून राहिलं तरी पहिल्या अक्षराला शाई आली पाहिजे, झटकायला लागता कामा नये (आमच्या शाळेत पाचवीला पेन हातात आलं की पुढच्या बाकावरच्या मुलाच्या सदऱ्याच्या पाठीवर निळी नक्षी उठायची, ती या झटकण्यातून). बँकेच्या स्लिपच्या कागदावर शाई फुटता कामा नये, म्हणजे निब बारीक हवी. पण इतकीही बारीक नको की कागदाला ओरखडा उठेल. आणि हरवलं तर रडू येता कामा नये. ही शेवटची अट ते जरा भरभर बोलून टाकतात, पण बाकीच्या सगळ्या याच अटीशी येऊन अडतात.

माझ्या डोळ्यांदेखत या जागेवर बरेच उमेदवार आले आणि गेले. पहिली लॅमी कंपनीची सफारी. हे जर्मन पेन १९८० साली शाळकरी पोरांसाठी काढलेलं. टणक प्लॅस्टिकचं, क्लिप एखाद्या मोठ्या यू-पिनसारखी आणि बोटं ठेवायला दोन्ही बाजूंना सपाट कड, म्हणजे धरायचं कसं हे पेनच ठरवतं. निबाळकरांना हे आधी आवडलं, मग खटकलं. "साठी उलटल्यावर मला कुणी बोटं कुठे ठेवायची ते शिकवावं?" तरी वापरलं. दीड महिना वापरलं. निब हाताला बसली, अक्षर वळणावर आलं, आणि एका रविवारी पेन धुऊन, फडक्यावर वाळवून, पेटीत. मी विचारलं, "का हो, बिघडलं?" म्हणाले, "छे! फार सुरेख चालायला लागलंय. आता रोज वापरून त्याची वाट लावायची का?"

रिक्त पदाचं कोडं मला तिथे सुटलं. त्यांच्याकडे पेन रोजच्या वापरासाठीच येतं, हंगामी म्हणून. सहा-आठ आठवड्यांत काम चोख दिसलं की ते कायम होतं, आणि कायम झालेल्या कर्मचाऱ्याकडून काम करून घेण्याची त्यांच्या खात्यात पद्धत नव्हती. म्हणून जागा पुन्हा रिकामी. जागा रिकामी म्हणून भरती. वहिनींना प्रत्येक वेळी खरं तेच सांगितलं जातं, "रोजच्या लिहिण्याला एक साधं पेन बघतोय."

मग जपानी पायलटचं कॅपलेस आलं. टोपणच नाही. बॉलपेनसारखं वरचं बटण दाबलं की निब पुढे येते, पुन्हा दाबलं की आत जाते आणि मागे बारकं झाकण मिटतं. १९६३ पासून ही करामत चालू आहे. याची क्लिप निबेच्या बाजूला असते, म्हणजे खिशात पेन नाक वर करून उभं राहतं आणि गळत नाही. पण निबाळकर पेन धरतात अगदी पुढे, आणि क्लिप नेमकी त्यांच्या तर्जनीखाली येते. पंधरा दिवस त्यांनी बोट हलवून पाहिलं, मनगट वळवून पाहिलं, शेवटी खुर्ची बदलून पाहिली. खुर्ची नवीन आहे अजून. प्लॅटिनमचं प्रेपी नावाचं स्वस्त पारदर्शक पेनही येऊन गेलं. त्याच्या टोपणात आणखी एक स्प्रिंगवालं टोपण असतं, त्यामुळे वर्षभर शाई वाळत नाही असा कंपनीचा दावा. दावा तपासायचा म्हणून यांनी ते भरून वर्षभर न उघडता ठेवलं. रोजच्या वापराचं पेन!

मात्र खरा जीव जडला तो काळ्या एबोनाइटच्या देशी पेनावर. एबोनाइट म्हणजे गंधक घालून तापवून कडक केलेलं रबर. हातात घेतलं की गार लागत नाही, आणि चोळून नाकाशी नेलं तर फटाक्याच्या आठवणीचा वास येतो. पाहुण्यांना तो वास घ्यायला लावतात. आत रबरी नळी नाही, पिस्टन नाही. ड्रॉपरने शाई थेट पोटात ओतायची. राजमहेंद्रीला रत्नम यांच्याकडे अशी पेनं घडू लागली, त्यातलं एक ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या हातून गांधीजींना गेलं आणि १९३५ च्या जुलैत वर्ध्याहून गांधीजींनी रत्नमना पोच दिली, की वापरून पाहिलं, बाजारातल्या विलायती पेनांना हा चांगला पर्याय दिसतो. ही हकीकत निबाळकर इतक्या जवळिकीने सांगतात, की ते पत्र पोस्टात टाकायला हेच गेले होते असं नवख्याला वाटावं.

या जातीच्या पेनाला एक खोड असते. पोटभर शाई असेपर्यंत गुणी बाळ. शाई निम्म्याखाली आली की आत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि निबेवाटे एक टपोरा थेंब बाहेर ढकलते. पेन ढेकर देतं, असं ते म्हणतात. त्यांच्या पेनाने ढेकर दिला तो बँकेत, हयातीच्या दाखल्यावर, नेमका 'मी हयात आहे' या मजकुरावर. काउंटरवरच्या मुलीने नवा फॉर्म दिला आणि दोऱ्याला बांधलेलं बॉलपेन पुढे सरकवलं. निबाळकर म्हणाले, "बाळ, तुझा दोष नाही. पाऊण भरलेलं ठेवायला हवं होतं." मुलीला वाटलं आजोबा आजारी आहेत, तिने पाणी मागवलं.

विमानातही तेच. वर हवेचा दाब कमी झाला की पेनातली हवा पसरते, म्हणून पेन एकतर गच्च भरलेलं न्यायचं किंवा पार रिकामं, आणि कसंही असलं तरी निब वर करून. लेकीकडे बंगळूरला जाताना ते दीड तास खिशावर हात ठेवून बसले होते. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, छातीत दुखतंय का.

महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्यासारखेच सात-आठ जण एका हॉटेलात जमतात. मीही एकदा गेलो होतो. वेटर ऑर्डर घ्यायला आला तेव्हा कुणी मेनूकार्डाकडे पाहिलं नाही, सगळ्यांनी त्याच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. तिथे एक तरुण संगणकवाला आहे, तो एका वेळी बारा पेनं शाई भरून ठेवतो आणि त्यांची पाळी लावतो. मंगळवारी जांभळी शाई, कारण मंगळवारी मीटिंगा असतात. एक डॉक्टर आहेत, त्यांचं रोजचं पेन मॉं ब्लां १४९. जाडजूड, सिगारसारखं, निबेवर ४८१० कोरलेलं, म्हणजे त्याच नावाच्या डोंगराची मीटरमधली उंची. या पेनाने ते औषधाच्या चिठ्ठ्या लिहितात. मी एक चिठ्ठी पाहिली. उंची तेवढी वाचता आली.

गप्पा खऱ्या रंगतात त्या देवनागरीवर. इंग्रजीसाठी लोक आडवी छाटलेली स्टब निब हौसेने घेतात. उभी रेघ जाड येते, आडवी बारीक. मराठीत तिने काना भरदार उतरतो, पण शिरोरेघ सुतळीचा सुटलेला धागा. निबाळकरांचा सिद्धांत असा, की आपल्या लिपीला उलटी निब लागते, आर्किटेक्ट म्हणतात ती. आडवी रेघ जाड, उभी बारीक. तिने 'श्री' काढला की वर कसं छप्पर पडतं पाहा! त्यांनी माझ्यासमोर काढून दाखवला. खरंच देखणा होता. मग दुसऱ्या पेनाने काढला, मग तिसऱ्या. पाठकोरे कागद 'श्री'नी भरले, त्याखाली त्यांची सही, त्याखाली पत्ता, पिनकोडसकट.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी या गृहस्थाला दुसरं काही लिहिताना पाहिलेलंच नाही. पत्रं जात नाहीत, डायरी नाही, हिशोब वहिनींकडे. रोजच्या पेनाचा शोध ऐन भरात असला तरी रोजचं लिहिणं म्हणून काही हातात नाही. मी तसं बोलून गेलो. ते रागावले नाहीत. "पेन एकदा ठरू दे," म्हणाले.

गेल्या महिन्यात संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो होतो. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडायला. चमच्यांच्या खणातून त्यांनी एक पेन काढलं. चिनी हिरो, सोनेरी टोपणाचा मुलामा जाऊन पांढरं पडलेलं, निबेचं फक्त टोक बाहेर डोकावणारं. कॅलेंडर भिंतीलाच, म्हणजे पेन आडवं धरलेलं. तरी पहिल्या फटक्यात उमटलं. "अर्धा लिटर कमी," असं लिहून त्यांनी टोपण लावलं.

निबाळकर उभे राहिले. "हे कधीचं?"

"लग्नाआधीचं. मामांनी दिलेलं. का?"

"धुतेस कधी?"

"पेन कशाला धुवायचं?"

"शाई कुठली?"

"तीच, कॅमलची. नातवाच्या प्रोजेक्टला आणलेली बाटली आहे ना, ती."

त्यांनी पेन हातात घेतलं, भिंग आणलं, दिव्याखाली धरलं. निबेच्या टोकाचा मणी कठीण धातूचा असतो, पण पन्नासएक वर्षं एकाच हाताने एकाच कलाने लिहिलं तर तोही झिजतो आणि त्या हातापुरता सपाट होतो. दुधाचे खाडे, वाण्याच्या याद्या, गॅसचे नंबर, भिशीची नावं, मुलांच्या प्रगतिपुस्तकांवरच्या पालकांच्या सह्या. "बाई गं," एवढंच ते म्हणाले. मग पाठकोऱ्या कागदावर 'श्री' काढला. खरखरला. पेन थोडं फिरवून पुन्हा काढला, पुन्हा खरखरला. वहिनींनी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि तिथेच खाली 'कोथिंबीर, आलं' असं लिहिलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं.

मग जे झालं त्याला मी साक्षीदार आहे. निबाळकरांनी कपाट उघडलं, शालूवरच्या कप्प्यातली पेटी काढली आणि पेटीच वहिनींपुढे ठेवली. "यातलं कुठलंही घे. दोन घे. ते मला दे."

वहिनींनी पेटीकडे पाहिलं, मनातल्या मनात मोजायला लागल्या. चौदापर्यंत ओठ हललेले मला दिसले. निबाळकरांच्याही ध्यानात आलं, पण तोवर झाकण मिटायला उशीर झाला होता.

"ही सगळी रोजच्या लिहिण्याची?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे, त्या वेळी…"

"मग त्यातलंच एक वापरा की. मला माझं लागतं, उद्या सकाळी दूधवाला यायचाय." पेन चमच्यांच्या खणात गेलं, खण बंद झाला, आणि आतून वहिनींचा आवाज आला, "भावजी, जेवूनच जा आता. यांना मला काही विचारायचंय, तेव्हा तुम्ही असलेलं बरं."