आयातपंत

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ज्या ज्या कारखान्याला स्वतःचे डिझाइन खाते आहे, त्या त्या खात्यात, ज्याच्या अधिकाराचा कागदोपत्री कोठेही निर्देश नसतो परंतु ज्याच्या अनुमतीवाचून परमुलखातून आलेली एकही फाइल असेंब्लीत प्रवेश करू शकत नाही, असा एक गृहस्थ खिडकीजवळची जागा अडवून बसलेला असतो. त्याला आपण आयातपंत म्हणू. वय पन्नाशीकडे झुकलेले, चष्मा कपाळावर, बोट माउसच्या चाकावर, आणि परक्याने काढलेल्या कोणत्याही रेषेविषयी मनात एक जन्मजात अविश्वास.

जर्मनीतील ग्राहकाकडून गिअरबॉक्सची स्टेप फाइल आली, की नुकताच नोकरीला लागलेला पोरगा ती हौसेने उघडतो. पडद्यावर लखलखीत आकृती उमटते आणि आपले काम झाले अशा समजुतीने तो पंतांना हाक मारतो. पंत आकृतीकडे ढुंकूनही न पाहता डावीकडच्या फीचर-ट्रीवर बोट ठेवतात. घरी घडवलेल्या भागात जेथे पहिले स्केच, त्याला दिलेली उंची, मग पाडलेली भोके, मग कडांची गोलाई, अशी सारी कुळकथा क्रमवार नोंदलेली असायची, तेथे ‘इम्पोर्टेड १’ एवढी एकच ओळ असते.

“सातबारा न बघता जमीन घेतोस का रे तू?”

“सर, पण आकार बरोबर आहे ना.”

“आकार बरोबरच असतो. फेरफार कुठायत?”

पंतांची ही कैफियत अगदीच निराधार नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल. निरनिराळ्या डिझाइन-प्रणालींत देवघेव व्हावी म्हणून अमेरिकेत १९८० साली आयजीईएस हा तटस्थ फाइलप्रकार निघाला, पुढे १९९४ साली आयएसओ १०३०३ या क्रमांकाने स्टेप आंतरराष्ट्रीय मानक झाले; परंतु नित्याच्या व्यवहारात सरहद्द ओलांडून येतो तो बहुधा निव्वळ आकार, आणि अमुक भोक अमुक कडेपासून तेवढ्याच अंतरावर का ठेवले, हा कर्त्याचा हेतू मायदेशीच राहतो. त्यात पुन्हा अचूकतेविषयीचा मतभेद. दोन पृष्ठांमधली मायक्रॉनभर फट ग्राहकाकडची कॅटिया ही प्रणाली उदारपणे मिटलेली मानते. पंतांच्या सॉलिडवर्क्सच्या पोटात चालणारे, केंब्रिजमध्ये जन्मलेले पॅरासॉलिड हे भूमितीचे इंजिन याबाबतीत तिच्याहून शंभरपट काटेकोर. परिणामी तिकडे भरीव असलेला भाग कित्येकदा इकडे पोचतो तो सुट्या पापुद्र्यांच्या रूपाने. “फाटलंय रे!” एवढेच पंत उद्गारतात, आणि मग फटी हुडकणे, बिघडलेली पृष्ठे काढून नवी भरणे, सारी एकत्र शिवून त्यांचा पुन्हा सॉलिड बनवणे, हे सोपस्कार सुरू होतात, त्या अवधीत त्यांना चहाचेही विचारू नये.

असेंब्लीची तऱ्हा याहून बिकट. भाग आपापल्या जागी दिसतात खरे, पण त्यांना एकमेकांशी बांधणारे मेट वाटेतच गळालेले असल्यामुळे, फिक्स करायचे विसरलेल्या पोराने माउसने जरा ओढले, की शाफ्ट बेअरिंगांचा निरोप घेऊन पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. पुरवठादार लोक तर आणखी दानशूर: मोटर कोठे बसते एवढेच पाहायचे असते, आणि ते आतल्या प्रत्येक स्क्रूचे आटे मळसूत्राकार काढून पाठवतात, त्यामुळे संगणक चढावर मालगाडी थबकावी तसा थबकतो. एसटीएल फाइलमध्ये एककाची नोंदच नसल्याने दोन इंचांचा खुंट दोन मिलिमीटरांचा होऊन अवतरतो, हा २५.४ चा घोळ पंत नुसत्या नजरेने ओळखतात आणि त्या दिवशी घरी थोडे लवकर जातात.

मात्र या विद्वत्तेला एक व्यसन जडलेले आहे. परक्या ब्रॅकेटमधले एक भोक पाच मिलिमीटर सरकवायचे असेल, तर ‘मूव्ह फेस’ने ते क्षणार्धात सरकते, हे पंतांना ठाऊक नाही असे नाही, पण ज्याची कुळकथा आपल्याला अवगत नाही त्या भागाला हात लावणे त्यांना धर्मबाह्य वाटते. म्हणून आलेल्या आकृतीवर मापे घेऊन ते ब्रॅकेट पहिल्या स्केचपासून नवे रचतात, फीचरांना नावे देतात, आणि दुपार संपता संपता जसाच्या तसा भाग निर्माण करून समाधानाने अंगठे मोडतात. जो भाग पुढे दहा वेळा बदलायचा आहे त्यासाठी हा खटाटोप सार्थ म्हणता येईल. पंत तो विकतच्या बोल्टसाठीही करतात.

अशा या वंशावळीच्या अभिमान्याने स्वतःचे मॉडेल परदेशी रवाना करण्याची वेळ येते, तेव्हाचा सोहळा पाहण्यासारखा असतो. महिनाभर खपून जोपासलेला फीचर-ट्री, सुवाच्य नावे, समीकरणे, हे सर्व बाजूला सारून ते निर्विकारपणे ‘सेव्ह ॲज स्टेप’ करतात, आणि त्या निर्वंश आकाराला ‘पार्ट१’ असे नाव देऊन निरोप देतात. दुसऱ्या दिवशी तिकडून मूळ फाइलची नम्र मागणी येते. पंत उत्तर सांगतात: मूळ दस्तऐवज देण्याची आमच्याकडे वहिवाट नाही.

“पण सर,” पोरगा टंकता टंकता थांबतो, “त्यांना उद्या काही बदल करायचा झाला तर?”

“तर येतील की आपल्याकडेच!”